ड्रोन का पडला? आधी तहकीक, मग इल्जाम

गेल्या लग्नसराईत आमच्या मोहल्ल्यात एका वलीम्याच्या दिवशी चित्रीकरण करणारा ड्रोन हवेतून थेट खाली आला. शामियान्याच्या मागे रिकाम्या खुर्च्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्यावर तो आदळला. कोणाला इजा झाली नाही, अल्हम्दुलिल्लाह. परंतु पाच मिनिटांपूर्वी त्याच जागी मुले खेळत होती, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

ड्रोन आमच्याच जमातीतील एका तरुणाचा होता. वडिलांच्या इंतकालनंतर घर तोच चालवतो. लग्नाचे फोटो आणि चित्रीकरण हा त्याचा रोजगार. विकणारा दुकानदारही आमच्याच बाजारातला. दुसऱ्या दिवशी दोघांचा तंटा सुरू झाला. दुकानदार म्हणाला, "मशीन उत्तम आहे, याला उडवता येत नाही." तरुण म्हणाला, "मला सडका माल गळ्यात मारला." दोन दिवसांत बाजारात दोन तट पडले. ड्रोनकडे मात्र कोणी नीट पाहिलेसुद्धा नव्हते.

आमचा धंदा कापडाचा. ड्रोनमधले आम्हाला काय कळणार? पण दोघांनाही लहानपणापासून ओळखतो, म्हणून ते फैसल्यासाठी आमच्याकडे आले. आम्ही एकच अट घातली. फैसला नंतर, आधी तहकीक. मोबाईल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करणाऱ्या एका जाणकार कारागिराला सोबत घेतले आणि तीन संध्याकाळी आमच्या पेढीवर बसलो. त्या बैठकीत जे शिकलो ते ड्रोनइतकेच आपल्या व्यापाराच्याही उपयोगाचे आहे, म्हणून या पानावर लिहीत आहोत.

पडण्याची तऱ्हा काय सांगते?

कारागिराने पहिल्यांदा आम्हाला हे यंत्र समजावून दिले. विमानाला पंख असतात. इंजिन बंद पडले तरी ते काही अंतर तरंगत जाऊ शकते. चार पंख्यांच्या ड्रोनला असा आधार नसतो. चारही पंखे फिरत आहेत तोवर तो हवेत, थांबले की दगड. परंतु पडण्याच्या तऱ्हा निरनिराळ्या आहेत आणि प्रत्येक तऱ्हा वेगळे कारण सांगते.

एखादे पाते तुटले किंवा एक मोटर बंद पडली, तर ड्रोन गिरक्या घेत, कलंडत खाली येतो. रिमोटशी संपर्क तुटला तर बहुतेक ड्रोन जागीच थांबतात किंवा उडाल्या जागी आपोआप परततात. बॅटरी संपत आली तर आधी इशारा मिळतो आणि तो स्वतः उतरू लागतो. जवळपास लोखंडाचे मोठे बांधकाम असले तर त्यातील होकायंत्र गोंधळते आणि ड्रोन भलतीकडे भरकटतो. आणि वीजच एकाएकी तुटली, तर काहीही इशारा न देता सरळ खाली येतो.

आमचा ड्रोन सरळ खाली आला होता. तसे पाहणारे चार साक्षीदार होते. तरुणाच्या फोनवर उड्डाणाची नोंद होती. तीत बॅटरी निम्म्याहून जास्त भरलेली दिसत होती, उंची स्थिर होती, आणि नोंद हवेतच तुटली होती. कारागीर म्हणाला, "एवढ्यावर भरवसा ठेवू नका. रिमोटचा संपर्क तुटला तरी फोनवरची नोंद अशीच थांबते." मग त्याने ड्रोनमधले कार्ड काढले. त्यावरील शेवटचे चित्रीकरण अर्धवट होते. फाईल बंद होण्याआधीच वीज गेली की असे होते. फोनवर उमटलेले शेवटचे चित्र अगदी सपाट, जराही न कललेले होते. म्हणजे त्या क्षणापर्यंत पंखे ठीक चालत होते. रिमोटची चूक नव्हे, वाऱ्याचा झोत नव्हे, पात्याचा दोषही नव्हे. वीज तुटली होती.

आता प्रश्न उरला तो वीज का तुटली याचा. तेव्हा कारागिराने अमेरिकेतील एका कंपनीचा मामला सांगितला.

अमेरिकेतील मामला

कॅलिफोर्नियातील गोप्रो ही कंपनी छोट्या, मजबूत कॅमेऱ्यांसाठी जगभर नावाजलेली. तिने २०१६ मध्ये 'कर्मा' नावाचा ड्रोन बनविला. कॅमेऱ्याशिवाय किंमत ७९९ डॉलर. २३ ऑक्टोबर २०१६ रोजी विक्री सुरू झाली. थोड्याच दिवसांत तक्रारी येऊ लागल्या की ड्रोन हवेत असतानाच बंद पडतो आणि कोसळतो. तक्रारी फार नव्हत्या. कोणी जखमी झाल्याची खबरही नव्हती. कंपनीला ग्राहकांना सहज म्हणता आले असते की तुम्हाला उडवता येत नाही. पण विक्री सुरू झाल्यापासून सोळाव्या दिवशी, म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, तिने विकलेले सर्वच्या सर्व, सुमारे २,५०० ड्रोन परत मागविले आणि पूर्ण पैसे परत देण्याचे जाहीर केले.

यातील एक गोष्ट व्यापाऱ्यांनी ध्यानात घेण्यासारखी आहे. कंपनीने त्या वेळी बदली ड्रोन दिला नाही. कारण हाती आल्याशिवाय तोच माल पुन्हा ग्राहकाच्या हातात द्यायचा नाही, पैसे मात्र लगेच द्यायचे, असा तिचा पवित्रा होता.

फेब्रुवारी २०१७ मध्ये कर्मा पुन्हा बाजारात आला आणि कंपनीने दोष उघडपणे सांगितला. बॅटरीला जागेवर धरून ठेवणारा खटका पुरेसा भक्कम नव्हता. उडताना होणाऱ्या थरथरीने बॅटरी जागेवरून सरकायची, विजेचा संपर्क तुटायचा आणि ड्रोन खाली यायचा. कंपनीने खटका नव्याने बनवून बसविला. बिघाड ना मोटरीत होता, ना त्या महागड्या संगणकी मेंदूत. तो एका लहानशा खटक्यात होता.

पुढची हकीकतही सांगितली पाहिजे. जानेवारी २०१८ मध्ये गोप्रोने ड्रोनचा धंदाच बंद केला. चिनी प्रतिस्पर्ध्यांपुढे तिचा टिकाव लागला नाही. म्हणजे दोष कबूल केला की नफा होतोच, असे काही नाही. परंतु कंपनीचे कॅमेरे आजही विकले जातात. एक माल बुडाला, नाव बुडाले नाही.

सारखा रोग, वेगळे कारण

लक्षण सारखे दिसले म्हणून कारण सारखेच असते, असेही समजू नये. २०१७ मध्ये चीनच्या डीजेआय कंपनीचे 'स्पार्क' नावाचे काही छोटे ड्रोन असेच हवेत वीज तुटून पडले. त्या कंपनीने खटका बदलला नाही. ड्रोन आणि बॅटरी यांच्यातील संगणकी आज्ञावली बदलली. १ सप्टेंबर २०१७ पर्यंत जो ग्राहक नवी आज्ञावली घेणार नाही त्याचा ड्रोन उडणारच नाही, अशी सक्तीही केली.

आणि घाईने कारण ठरविले की काय होते, तेही पाहा. ऑगस्ट २०१६ मध्ये सॅमसंगचा गॅलेक्सी नोट ७ हा फोन आला आणि पेटू लागला. २ सप्टेंबरला कंपनीने सुमारे २५ लाख फोन परत मागविले. दोष एका पुरवठादाराच्या बॅटरीचा आहे असे ठरवून दुसऱ्या पुरवठादाराची बॅटरी घातलेले फोन बदलून दिले. तेही पेटू लागले! ऑक्टोबरमध्ये त्या फोनचे उत्पादनच बंद करावे लागले. त्यानंतर सुमारे ७०० अभियंते लावून दोन लाख फोन आणि तीस हजार बॅटऱ्या तपासल्या गेल्या. जानेवारी २०१७ मध्ये निष्कर्ष जाहीर झाला की दोन्ही बॅटऱ्यांत दोष होते आणि ते वेगवेगळे होते. एकावर इल्जाम ठेवून सुटका करून घेतली, म्हणून दुसऱ्याकडे पाहिलेच गेले नाही.

पेढीवर काय निघाले

पडल्यानंतर आमच्या तरुणाच्या ड्रोनची बॅटरी चार हातांवर सापडली होती. दुकानदार म्हणाला, "आपटल्यावर उडाली असेल." बरोबर होते, नुसत्या त्या गोष्टीने काही सिद्ध होत नव्हते. मग कारागिराने ती बॅटरी काचेच्या टेबलावर ठेवली. ती डुलू लागली. म्हणजे पोट फुगलेले. तरुणाकडे ड्रोनसोबत आलेली मूळ बॅटरी होती. ती बसविली की दोन्ही बाजूंनी 'टक' असा आवाज येई. फुगलेली बसविली की एकाच बाजूने येई. ड्रोनचे पाय शाबूत होते, म्हणून कारागिराने मोकळ्या जागेत जाऊन, चारही पाती काढून, फुगलेली बॅटरी घालून ड्रोन चालू केला आणि हाताने जरा हलविला. दिवा विझला. दुसऱ्यांदा केले, पुन्हा विझला. मूळ बॅटरीने कितीही हलविले तरी विझेना.

त्या फुगलेल्या बॅटरीला नंतर कोणी चार्जिंगला लावले नाही. ती वाळूच्या डब्यात वस्तीपासून दूर ठेवली. अशी बॅटरी पेट घेऊ शकते, हे आमच्या तरुणांनी पक्के लक्षात ठेवावे.

आता ती फुगली कशी? दुकानदाराने ती जादा बॅटरी म्हणून वेगळी विकली होती. विचारता विचारता त्याने सांगितले की ती दीड वर्ष दुकानात पडून होती, तीही पूर्ण भरलेली. लिथियमची बॅटरी साठवायची तर साधारण निम्मी भरून ठेवावी लागते. पूर्ण भरून उष्णतेत ठेवली की ती खराब होते. त्याला हे ठाऊक नव्हते. पण माल जुना आहे हे ठाऊक होते आणि ते त्याने सांगितले नव्हते.

इतक्यात कारागिराच्या बोटाला बॅटरीच्या कडेवर काही चिकट लागले. त्याने तरुणाकडे पाहिले. तरुणाने मान खाली घातली. म्हणाला, "चाचा, एका बाजूने बसत नव्हती. वलीम्याची घाई होती. मी चिकटपट्टी लावून उडवला."

पेढीवर कोणी बोलेना. दोघेही दोन दिवस भर बाजारात एकमेकाला खोटे म्हणत होते, आणि दोघांनीही अर्धे सत्य खिशात ठेवले होते. असे ठरले की दुकानदाराने बॅटरीचे पूर्ण पैसे परत द्यावेत आणि दुरुस्तीचा निम्मा खर्च सोसावा. उरलेला निम्मा तरुणाने सोसावा, आणि वलीमा करणाऱ्या घरी जाऊन माफी मागावी. दोघांनी कबूल केले. कोर्टात गेले असते तर वर्षे गेली असती. बाजारात भांडत राहिले असते तर एकाचे गिऱ्हाईक आणि दुसऱ्याची रोजी गेली असती.

आमचीही एक चूक

त्या रात्री आम्हाला झोप लागली नाही. कारण ड्रोनवाल्या दुकानदाराचे ते वाक्य, "याला उडवता येत नाही", आम्ही स्वतः वेगळ्या शब्दांत उच्चारले आहे.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वी आमचे काही थान रंगाईहून परत आले ते पट्टे पडलेले. ग्रे कापडात हा दोष दिसत नाही. रंग चढला की उघडा पडतो. आम्ही मागावर मजुरीने विणणाऱ्या कारागिराला बोलावले, चार लोकांत सुनावले आणि मजुरी कापली. तो एवढेच म्हणाला, "सेठ, सूत तुमचेच होते." आम्ही ऐकले नाही. काही महिन्यांनी दुसऱ्या मागावरच्या कापडातही तसेच पट्टे निघाले. तेव्हा कुठे गोदामाची वही उघडली. आमच्याच माणसाने दोन वेगळ्या लॉटचे सूत एकत्र करून बाण्यासाठी दिले होते. दोन लॉट रंग सारखा घेत नाहीत, हे आम्हाला माहीत नव्हते असे नाही. वही उघडण्याची तसदी घेतली नव्हती, इतकेच.

तोवर त्या कारागिराने माग विकले होते आणि तो भावाकडे दुसऱ्या गावी गेला होता. आम्ही त्याला शोधून कापलेली रक्कम पोहोचती केली, माफी मागितली. त्याने पैसे घेतले, चहाही पाजला. पण आमचे काम पुन्हा धरले नाही.

मालेगाव असो, भिवंडी असो की इचलकरंजी, ही कहाणी कोणत्या पेढीची नाही? दोष निघाला की तो वरून खाली घसरतो. बडा व्यापारी दलालाला धरतो, दलाल आम्हाला, आम्ही मागवाल्याला, मागवाला कामगाराला. सगळ्यात खाली जो असतो त्याच्या मजुरीतून दोषाची किंमत वसूल होते. कारण मात्र वरच राहते आणि पुढच्या लॉटमध्ये पुन्हा प्रकट होते. म्हणून तहकीक न करणे हा जुलूम तर आहेच, शिवाय तोट्याचा व्यवहारही आहे.

दीनची शिकवण

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये (४९:६) मोमिनांना ताकीद आहे की बेभरवशाच्या माणसाने खबर आणली तर आधी शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कोणाचे नुकसान कराल आणि मग पस्तावाल. आम्ही नेमके तसेच पस्तावलो.

सहीह मुस्लिममध्ये नोंदलेला प्रसंग आपण सर्वांनी मस्जिदीत ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजल्याचे विक्रेत्याने सांगितले, तेव्हा भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नसल्याचे बजावले. पाऊस पडला हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हता. ओल झाकली, हा होता. दुकानात जुनी झालेली बॅटरी आणि चिकटपट्टीने झाकलेला खटका यांना हाच न्याय लागतो.

इमाम अबू हनीफा (रह.) स्वतः कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने दोष असलेले कापड गिऱ्हाईकाला ऐब न सांगता विकले आणि तो गिऱ्हाईक पुन्हा सापडेना, तेव्हा इमामसाहेबांनी त्या विक्रीची सर्व रक्कम सदका करून टाकली, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. आमच्या फिकहमध्ये ऐब निघाल्यास माल परत करण्याचा गिऱ्हाईकाचा हक्क आहे, त्याला खियार-ए-ऐब म्हणतात. देशाच्या कायद्यातही हा हक्क आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २०२० पासून लागू झाला. सदोष मालामुळे नुकसान झाले तर त्यानुसार बनविणारा आणि विकणारा, दोघांवरही जबाबदारी येऊ शकते आणि ग्राहकाला दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते.

मग करावे काय?

आमच्या बुद्धीप्रमाणे चार गोष्टी सुचवितो.

पहिली, दोषी माल परत आला की तो हाताने पाहिल्याशिवाय कोणाचेही नाव घेऊ नये. पट्टा पडलेले थान, उसवलेली शिलाई, बंद पडलेले यंत्र, जे असेल ते चांगल्या नगाशेजारी ठेवावे. मूळ बॅटरी शेजारी नसती तर फुगलेली आम्हाला कळली नसती.

दुसरी, नोंद ठेवावी. कोणत्या लॉटचे सूत कोणाला दिले, कोणता माल दुकानात केव्हा आला, हे वहीत असले तर निम्मे भांडण तिथेच मिटते. ड्रोनची नोंद यंत्र स्वतः ठेवते. आपली आपण ठेवायची आहे.

तिसरी, बिलाशिवाय माल घेऊ नये आणि देऊ नये. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा ही कामे वगळता परदेशी ड्रोनच्या आयातीवर केंद्र सरकारने ९ फेब्रुवारी २०२२ रोजी बंदी घातली. तरीही आडमार्गाने आलेला माल विकला जातो. तो पडला तर कंपनी दाद देत नाही आणि कारण शोधायला कोणी मदत करीत नाही. आमच्या प्रकरणातही बिल नव्हते, म्हणून तर गोष्ट बाजाराच्या चव्हाट्यावर आली. शिवाय २०२१ चे ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडविणाऱ्याकडे रिमोट पायलटचे प्रमाणपत्र असले पाहिजे. आमच्या तरुणांनी ते मिळवावे, आणि काही झाले तरी माणसांच्या डोक्यावर ड्रोन नेऊ नये.

चौथी गोष्ट सर्वांत कठीण. कारण आपल्याच घरात निघाले तर तोंडाने सांगावे, आणि कापलेले पैसे मागितल्याशिवाय परत करावेत.

त्या तरुणाचा ड्रोन दुरुस्त झाला आहे. तो आता प्रत्येक उड्डाणाआधी दोन्ही बाजूंची 'टक' ऐकतो. दुकानदाराने जुन्या बॅटऱ्या वेगळ्या काढल्या आहेत. आमच्या पेढीवर आता परतीच्या मालाची वेगळी वही आहे, आणि मजुरी कापण्यापूर्वी ती उघडायची असा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. वाचक बंधूंनीही आपापल्या दुकानात, कारखान्यात तो घालून पाहावा. अल्लाह आपणा सर्वांना सचोटीने व्यापार करण्याची तौफीक देवो आणि आपल्या रोजीत बरकत देवो, आमीन.